नववा गडी

ती. ताईस,

धाकट्याचा सप्तांग नमस्कार. (आठवं अंग म्हणजे गुडघा. तो सध्या जमिनीला टेकत नाही. का टेकत नाही ते पुढे येईलच, पण आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर 'पडलास का, कुठे पडलास, एक्सरे काढलास का' असं तुझं पत्र उलट टपाली येईल. पडलो नाही. बसलो. बसून राहिल्यामुळे झालं.)

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी महिनाभर बारीक अक्षर वाचू नको म्हटलंय, म्हणून हे पत्र मुद्दाम टपोऱ्या अक्षरात लिहितोय. पानं जास्त झाली तर धाकटा पाल्हाळ लावतो असं म्हणू नकोस. अक्षर मोठं आहे, इतकंच. थेंब वेळच्या वेळी घालतेस ना? पस्तीस वर्षं दवाखान्यात दुसऱ्यांना दटावून औषधं पाजलीस, आता तुला दटावायला घरात कोणी नाही, ही आम्हा दोघांची मोठी काळजी. तुझी भावजय इथल्या प्रयोगशाळेत रुजू झाली आणि दुसऱ्याच दिवशी रमली. (गाव बदलल्याचा तिला त्रास होत नाही. रक्त सगळीकडे लालच असतं, असं तिचं म्हणणं. वजनकाट्याचं तसं नाही गं. प्रत्येक गावची जमीन वेगळी, आणि ट्रकचं अर्धं चाक हळूच काट्याबाहेर ठेवायची प्रत्येक गावच्या ड्रायव्हरची युक्ती वेगळी.) माझा इथला काटा कारखान्याच्या फाटकाशी बसला, तपासून झाला, परवा त्यावरून पहिला भरलेला ट्रक गेला. एकूण सगळं ठीक.

आता चिरंजीवांचं. तू चार ओळींत कळव म्हटलं आहेस. चार ओळींत ते मावणार नाही.

तुला माहीतच आहे, वय वर्षं अकरा आणि ही सातवी शाळा. एक काटा बसवायचा, तपासायचा, तिथल्या माणसाला शिकवायचा, याला आठ ते चौदा महिने लागतात. तेवढंच आमच्या कुठल्याही घराचं आयुष्य. परिणाम असा, की पोरगा अपूर्णांक चार वेळा शिकलाय आणि दशांश एकदाही नाही. दशांशाचा धडा निघाला की आमचा ट्रक दाराशी उभा. हे मी लोकांना हसत हसत सांगायचो. मग मागच्या गावी एकदा ही म्हणाली, "त्याला विचारा, आधीच्या वर्गात त्याच्या शेजारी कोण बसायचं." मी विचारलं. तो बराच वेळ आठवत राहिला आणि म्हणाला, "खिडकी." त्यानंतर मी ती दशांशाची गंमत सांगणं बंद केलं.

नव्या शाळेत पहिल्या दिवशी उभं राहून स्वतःची ओळख करून द्यावी लागते. त्यासाठी त्याने चार वाक्यांचं भाषण बसवलेलं आहे. सातही शाळांत तेच. त्यात 'मला सगळे खेळ आवडतात' असं एक वाक्य आहे, म्हणजे कुठला खेळ, कधी येतोस, असं पुढे कोणी विचारत नाही. हट्ट नाही, रुसवा नाही. कोणी पेन्सिल घेतली तर हा दप्तरातून दुसरी काढतो. कोणी जागा बळकावली तर मागे जाऊन बसतो. प्रत्येक प्रगतिपुस्तकात 'अत्यंत समजूतदार' असा शेरा, आणि मी तो शेरा कचेरीत सगळ्यांना दाखवत फिरायचो. ताई, मी बावीस वर्षं वजनाच्या धंद्यात आहे, पण त्या शेऱ्याचं वजन मला कळलं नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लाँड्री आहे. ती चालवणाऱ्या बाई साठीच्या, बांधा ठेंगणा आणि आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा. सगळे त्यांना लाँड्रीबाई म्हणतात. इथे आल्यावर तिसऱ्या दिवशी माझे ग्रीसचे कपडे घेऊन गेलो, पोरगा बरोबर होता. बाईंनी कपड्यांकडे पाहिलंच नाही. पोराला आपादमस्तक न्याहाळलं आणि मला विचारलं, "वय?" मी म्हटलं, अकरा. "दोन्ही हात चालतात?" मी म्हटलं, चालतात. "शनिवारी चार वाजता, शाळेमागच्या मैदानावर," म्हणाल्या आणि पावती फाडून हातात दिली. मला वाटलं, या गावात धुतलेले कपडे मैदानावर देत असतील. (हसू नकोस. सात गावं फिरल्यावर माणूस कशालाही 'इथली पद्धत' म्हणायला तयार असतो.) म्हणून शनिवारी चारला मी रिकामी पिशवी घेऊन मैदानावर हजर, आणि पिशवी धरायला चिरंजीव.

तिथे डोळे दिपतील इतक्या पांढऱ्या शर्टांतली आठ पोरं उभी होती. मुलांचा बेसबॉलचा संघ, आणि लाँड्रीबाई त्यांच्या गुरू. सहा संघांत कपड्यांच्या बाबतीत पहिला आणि बाकी सगळ्या बाबतीत सहावा. खेळायला नऊ लागतात आणि यांच्याकडे होते आठ. नऊ नसले की सामना न खेळताच हरल्यात जमा. असे ओळीने तीन शनिवार ते इस्त्रीचे कपडे घालून आले होते आणि न मळता घरी गेले होते. बाईंचं म्हणणं एवढंच, की हरायचंच असेल तर खेळून हरू. मी पिशवी मागे लपवून 'अहो, पण याला येत नाही' वगैरे म्हणेपर्यंत त्यांनी त्याच्या डाव्या हातात चामड्याचा एक अवाढव्य पंजा अडकवला होता.

हा खेळ तुला थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांना तीन उशा ठेवलेल्या असतात, त्यांना बेस म्हणतात. चौथ्या कोपऱ्याला उशी नाही, जमिनीत बसवलेली रबराची पाटी, तिचं नाव होम. तिथे उभं राहून लाकडी दांडक्याने चेंडू मारायचा, तिन्ही उशांना पाय लावत पळायचं आणि परत पाटीवर यायचं, की एक धाव. जिथून निघालो तिथेच यायचं तर मुळात निघायचं कशाला, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही पिशवी घेऊन तिकडे बसा."

चिरंजीवांना उजव्या अंगाला, पार कुंपणाजवळ उभं केलं. तिकडे चेंडू सहसा जात नाही. त्याला ती जागा फार पसंत पडली. कोणाच्या अध्येमध्ये नाही, आणि उद्या नसलो तरी कोणाच्या लक्षात यायचं नाही. पोरं त्याला 'नवा' म्हणायची. तेही त्याने मुकाट्याने घेतलं. सातही शाळांत त्याचं तेच नाव होतं.

पण त्या संघात एक नळवाल्याची मुलगी आहे. वय बारा, चेंडू टाकणारी तीच, आणि चेंडू टाकताना, टाकल्यावर आणि टाकायच्या आधी अखंड बोलणारी. दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी दारावर थाप पडली. मी उघडलं, तर ही. "तो आहे का?" मी विचारलं, "कोण?" (ताई, खरंच विचारलं. मला वाटलं पाण्याचा मीटर बघायला बापाने पाठवलंय.) ती म्हणाली, "तो हो! नवा!" आजवर आमच्या कुठल्याही दारावर कोणी त्याला विचारत आलं नव्हतं. मी आत वळून हाक मारली तर हा मोरीतच उभा, एक पाय धुतलेला, एक न धुतलेला, आणि चेहरा असा की जणू काही चोरी सापडली आहे. तसाच बाहेर पळाला. त्या दिवसापासून रोज पाच वाजता कारखान्याच्या भिंतीवर दोघांची चेंडूफेक. रखवालदाराने माझ्याकडे तक्रार केली, आठवड्याने तो स्वतःच चेंडू परत फेकायला लागला.

संघ हरतच होता, पण आता खेळून, मळून आणि आरडाओरडा करून हरत होता. मग एक दिवस पोरगा घरी आला तो धापा टाकत. आम्हाला वाटलं जिंकले. "बाबा, मी आता नवा नाही!" गावातल्या एका डॉक्टरांचा पुतण्या संघात आला होता, दहावा. म्हणजे 'नवा' हे नाव रीतसर त्याच्याकडे गेलं, आणि आमच्याला सगळ्यांनी मिळून नाव दिलं 'उजव्या'. कुंपणाजवळच्या त्या उजव्या कोपऱ्यावरून. आयुष्यात कोणी आपल्यानंतर आलं, याचा एवढा आनंद मी कोणाला झालेला पाहिला नाही. त्या नव्या पोराला त्याने स्वतः मैदान दाखवलं, पाणी कुठे मिळतं, बाई कधी खरंच रागावतात आणि कधी नुसत्या ओरडतात, सगळं. रात्री जेवताना हिला म्हणाला, "आई, त्याला काहीच माहीत नाहीये गं." इतक्या कौतुकाने.

आता गुडघ्याकडे येतो.

हंगामाचा शेवटचा सामना होता, पाचव्या नंबरच्या संघाशी. जिंकलो तर आम्ही पाचवे, ते सहावे. अंपायर म्हणजे निवाडा देणारे इथले दातांचे डॉक्टर. त्यांना ऐन वेळी कोणाच्या तरी दाढेने बोलावून नेलं. आता निवाडा कोण देणार? समोरच्या संघाचे गुरू मोटार चालवायला शिकवतात. ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे काटेवाले आहेत ना? मग यांच्यासारखा काटेकोर माणूस कुठे मिळणार?" लाँड्रीबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं न निघणाऱ्या डागाकडे पाहतात, पण नऊ-नऊ पोरं खोळंबली होती. ताई, मी मोहात पडलो. बापाने आपल्या पोराच्या सामन्यात निवाडा देऊ नये हे कळायला अक्कल लागते; आणि 'काटेकोर' हा शब्द ऐकल्यावर माझी अक्कल रजेवर जाते.

दाताच्या डॉक्टरांचं छातीचं कवच मला पोटाच्या वरच संपलं. तोंडावर लोखंडी जाळी. पाटीमागे उकिडवं बसायचं आणि आलेला प्रत्येक चेंडू पारखायचा, तोही तब्बल दोन तास. पहिल्या अर्ध्या तासात गुडघा बोलायला लागला, दुसऱ्यात ओरडायला लागला. त्यात माझ्या तोंडी 'सेफ' आणि 'आऊट' बसेनात. काट्याच्या तपासणीत आम्ही वजन बरोबर आलं की 'पास' म्हणतो, नाहीतर 'नापास'. पहिली सहा पोरं मी पास-नापास केली. एकाची आई उठून विचारायला आली, की परीक्षा आज आहे का. हळूहळू सरावलो. दोन्ही बाजूंना एकेक शंकास्पद निकाल देऊन दोन्हीकडून सारख्याच शिव्या खाल्ल्या, तेव्हा जरा आत्मविश्वास आला.

शेवटची पाळी. आम्ही एका धावेने मागे. (मी 'आम्ही' म्हणायला नको होतं, मी अंपायर होतो. पण लिहिलं गेलं.) आणखी एक आऊट झाला की खेळ खलास. तिसऱ्या उशीवर आमचा उजव्या, आणि मारायला नळवाल्याची मुलगी. तिने बडबड थांबवली, तेव्हाच मला समजलं काहीतरी होणार. सणकून मारला. उजव्या सुटला. चेंडू उचलून त्यांच्या पोराने पाटीकडे फेकला. इकडून चेंडू, तिकडून माझं पोरगं. तो पोचला तर बरोबरी, नाहीतर सामना संपला. शेवटच्या चार पावलांवर त्याने अंग जमिनीवर झोकून दिलं, पाय पुढे, धुळीचा लोट माझ्या जाळीतून आत, आणि मी हात वर करून जिवाच्या आकांताने ओरडलो, "नापास!"

पोरगा धुळीतून उठला. मला वाटलं, नेहमीसारखा चड्डी झटकेल आणि मागे जाऊन बसेल. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मी सेफ होतो."

मी म्हटलं, "आऊट."

"माझा पाय आधी लागला! आधी लागला! तुम्ही बघितलंच नाही!" आणि मग डोक्यावरचं शिरस्त्राण जमिनीवर आपटून, गावासमोर, म्हणाला, "बाबा, तुम्ही मापात पाप केलंत!"

ताई, ज्या मुलाने आजवर पेन्सिल परत मागितली नाही, तो मुलगा. मी काही बोलायच्या आत सगळी पोरं धावत आली. नळवाल्याची मुलगी तर मध्येच शिरली, "आमच्या उजव्याला आऊट देता? काका, चष्मा पुसा!" तो दहावा, डॉक्टरांचा पुतण्या, ज्याला अजून खेळ पुरता कळत नाही, तोही मागून ओरडत होता, "पुसा, पुसा!" मी लाँड्रीबाईंकडे आशेने पाहिलं. त्या सावकाश आल्या. पोराच्या शर्टाकडे पाहिलं. तो आता शर्ट राहिला नव्हता. म्हणाल्या, "अंपायर बोलला की संपलं, हा नियम. भांडायचं तर भांडा, पण दोन मिनिटं. मी घड्याळ लावते." आणि खरंच मनगटावरच्या घड्याळात बघत उभ्या राहिल्या. ती दोन मिनिटं मी विसरणार नाही. आमच्या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण असं कोणी मला तोलून काढलं नव्हतं.

नंतर लंगडत बाकांकडे गेलो, तर ही रडत होती. म्हटलं, अगं, एक सामना तर हरले. तिने माझी बाही धरली. "अहो, तो भांडला." मी म्हटलं, हो ना, चारचौघांत, बापाशी. "अहो, तुम्हाला कळत कसं नाही? तो भांडला!" आणि रडता रडता हसायलाच लागली. मग मला कळलं. जिथून उठून जायचंच आहे, तिथल्या जागेसाठी कोणी भांडत नाही. हे पोरगं सात गावांत समजूतदार नव्हतं. ते नुसतं निघायच्या तयारीत बसलेलं होतं.

तो आमच्याबरोबर घरी आला नाही, पोरांच्या घोळक्यात गेला. दिवेलागणीला आला. माझ्याशी अबोला. आंघोळ केली, जेवला, आणि उठताना माझ्याकडे न बघता भिंतीला म्हणाला, "पुढच्या वर्षी आम्ही त्यांना हरवणार." पुढच्या वर्षी! हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. आणि माझ्या पिशवीत पाच दिवसांपासून बदलीचा कागद होता. एका बंदरावर मोठा काटा बसवायचा आहे, अकरा आठवड्यांनी हजर व्हा. हिलासुद्धा सांगितलं नव्हतं; सामना होऊन जाऊ दे म्हणून थांबलो होतो. त्या रात्री सांगितलं. ती भांडी घासत राहिली. एकच ताट बराच वेळ घासलं.

सोमवारी साहेबांकडे गेलो. म्हटलं, बंदरावर दुसरं कोणी पाठवा. मला इथल्या दुरुस्तीच्या कामावर घ्या, आसपासचे जुने काटे तपासत मोटारसायकलने फिरेन आणि संध्याकाळी घरी येईन. साहेब म्हणाले, "वेड लागलंय का? ते खालच्या हुद्द्याचं काम आहे. कारण काय?" मी म्हटलं, "मुलाचे दशांश राहिलेत." त्यांनी खिशातून पेन काढलं. मग म्हणाले, त्यांची मुलगी आता पंचविशीची आहे आणि ती कोणत्या गावची, असं विचारलं की गप्प बसते. अर्जावर सही केली. असं सगळं झालं.

बाकी क्षेम. थेंब घाल. तुझा राग आणि तुझी माया, दोन्ही माझ्यावर आहेत तितकेच राहू देत. दोन्हींवरच मी वाढलो.

तुझा,
धाकटा

ता. क. मुद्द्याचं लिहायचं राहिलं. (राहिलं नाही. पहिल्या पानापासून टाळतोय.) पोराला नव्या वर्षापासून तुझ्याकडे ठेवायचं, म्हणजे एका जागी नीट शिकेल, असं आपलं ठरलं होतं. मीच हो म्हटलं होतं. तू मधली खोली रिकामी केलीस, टेबल करून घेतलंस, शाळेत नाव घातलंस, हे सगळं मला माहीत आहे. ताई, मी त्याला पाठवत नाही. तू मला आईच्या जागी आहेस आणि मी तुला दिलेला शब्द मोडतोय. शाळेतून त्याचं नाव तूच काढून घे, मला तेवढा धीर नाही. पोटभर रागाव. आणि राग उतरला की, किंवा उतरायच्या आधीच, तूच इकडे ये. दोन-चार दिवसांसाठी नाही म्हणत. आता आम्ही इथेच आहोत, तर तू एकटी तिकडे कशासाठी?

ता. क. २. हे फक्त तुझ्यासाठी. त्या शेवटच्या क्षणी धूळ उडाली आणि मी डोळे मिटले. मी काहीच पाहिलं नाही. सेफ म्हटलं तर लोक म्हणतील पोटच्या पोराला झुकतं माप दिलं, या भीतीने नापास ओरडलो. बावीस वर्षांत एक वजन खोटं लिहिलं नाही आणि पहिलं लिहिलं ते त्याच्या नावावर. वाचून फाडून टाक. त्याला कळता कामा नये.

आत्या, बाबांनी पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. मी आणि नळवाल्यांची ताई, आम्ही दोघांनी पायरीवर बसून सगळं वाचलं. बाबांना सांगू नकोस. कारण खरं सांगू का, डोळे माझेपण मिटलेले होते. पाय आधी लागला का चेंडू, मला काय माहीत! पण बाईंनी दोन मिनिटं दिली होती ना, ती वाया कोण घालवणार? आणि आत्या, तू टेबल केलंस त्याबद्दल थँक्यू. ते घेऊनच ये. आमच्याकडे ओरडायला खूप जण आहेत, पण धावा लिहायला कोणी नाही, आणि लिहायला टेबल लागतं.

— उजव्या (म्हणजे मीच)